सेलचा वाढदिवस नक्की कुठला धरायचा?

गेल्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेलो की डिचोलीला परत येण्याआधी २९ वर्षं मी छत्तीसगडमधल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये काढली, आणि झालं, या महिन्यात आंब्याच्या कलमांबद्दल एकही प्रश्न नाही, सगळी पत्रं लोखंडाची. संपादक म्हणाले मग लोखंडच होऊ द्या. तर या वेळी कलमांना सुट्टी.

साखळीहून एक आई विचारतात: काका, मुलगा दहावीत आहे, त्याला शाळेत ‘सेल’ या सरकारी स्टील कंपनीवर प्रोजेक्ट दिलाय. एका ठिकाणी स्थापना १९५४ लिहिलंय, दुसरीकडे १९७३. बाई म्हणतात एकच लिही. कुठलं लिहायचं?

ताई, दोन्ही बरोबर आहेत, आणि बाईंना माझ्यातर्फे सांगा की एकच लिहिलं तर अर्धी गोष्ट गळते. १९ जानेवारी १९५४ ला जी कंपनी निघाली तिचं नाव हिंदुस्थान स्टील, आणि गंमत म्हणजे ती पूर्ण देशासाठी नव्हतीच, फक्त ओरिसातल्या राउरकेलाच्या कारखान्यासाठी काढली होती. भिलाई आणि दुर्गापूरचं काम तेव्हा थेट दिल्लीतलं मंत्रालय बघायचं, ते एप्रिल १९५७ मध्ये हिंदुस्थान स्टीलच्या गळ्यात घातलं. ऑफिसचं बिऱ्हाडही फिरतं, आधी दिल्ली, मग १९५६ ला कलकत्ता, मग १९५९ च्या शेवटी रांची.

सरकारने यात पडायचं कारण काय, तर टाटांचा जमशेदपूरचा कारखाना आणि बंगालमधला बर्नपूरचा इस्को हे होते, पण स्वातंत्र्याच्या वेळी देशाचं वर्षाचं पोलाद जेमतेम १० लाख टनांच्या आसपास. धरणं बांधायची, रेल्वे वाढवायची, यंत्रं बनवायची, एवढ्यात कसं भागणार? म्हणून दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत १०-१० लाख टनांचे तीन कारखाने, आणि १९५६ च्या औद्योगिक धोरणात असं ठरलं की पोलादाचे नवे कारखाने सरकारच काढणार. ३ फेब्रुवारी १९५९ ला राउरकेलाची पहिली भट्टी सुरू केली राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी, आणि दुसऱ्याच दिवशी, ४ तारखेला, तेच भिलाईत हजर! त्या दोन दिवसांच्या गोष्टी आमचे सीनियर लोक अगदी लग्नातल्या वरातीसारख्या सांगायचे. दुर्गापूरची भट्टी त्याच वर्षी डिसेंबरात. भट्ट्यांना नावं बायकांची बरं का, राउरकेलाची पहिली ती पार्वती. मुलाला हे लिहायला सांगा, बाई खूष होतील.

आणखी एक, गोव्याच्या मुलाने लिहावंच असं. भिलाई आणि राउरकेलाचा १० लाख टनांचा पहिला टप्पा पूर्ण झाला डिसेंबर १९६१ च्या अखेरीस. आपण १९ डिसेंबरला मुक्त झालो, म्हणजे एकाच महिन्यातली गोष्ट.

आता १९७३. तोवर बोकारोच्या चौथ्या कारखान्याची वेगळी कंपनी झाली होती, इस्कोचा कारभार सरकारने १९७२ ला ताब्यात घेतला होता, आणि पोलाद खात्याचे मंत्री होते मोहन कुमारमंगलम, त्यांचं म्हणणं ही सगळी एका छत्राखाली आणा. आपल्याकडे एकत्र कुटुंबाच्या वाटण्या होतात, इथे उलटं झालं, वेगळी राहणारी भावंडं आणून एका घरात बसवली. २४ जानेवारी १९७३ ला स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया, म्हणजे सेल, कागदावर उतरली, भागभांडवलाची मर्यादा २००० कोटी, त्या काळचे २००० कोटी! कुमारमंगलम बिचारे त्याच वर्षी मे महिन्यात विमान अपघातात गेले. सुरवातीला सेल नुसती वरची छत्री होती, खाली प्रत्येकाची कंपनी वेगळी, खरी चूल एक झाली ती १९७८ मध्ये. इस्को तर पूर्णपणे विलीन व्हायला २००६ उजाडलं. त्यामुळे मुलाला असं लिहू दे की जन्म १९५४ चा आणि बारसं १९७३ चं. पुढे २०१० मध्ये महारत्न दर्जा मिळाला, हेही एका ओळीत टाकायला हरकत नाही.

वास्कोहून एक निवृत्त बार्जवाले: मी ३५ वर्षं मांडवी-जुवारीत बार्ज चालवली. डोळ्यांसमोर डोंगरच्या डोंगर जपानला गेले, मग चायनाला. आपल्या देशाचे एवढे सरकारी स्टीलचे कारखाने असताना आपला माल तिकडे का नाही गेला? यात काही काळंबेरं होतं का?

दादा, तुमचा प्रश्न मला भिलाईतही लोक विचारायचे, गोव्याचा म्हटलं की पहिलं वाक्य हेच, “अरे तुमच्याकडे तर लोखंडाची खाण आहे, इथे कशाला आलास?” काळंबेरं शोधायच्या आधी वर्षं बघा. हिंदुस्थान स्टील निघाली १९५४ ला, तेव्हा गोवा परदेश होता, आणि त्याच सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदीही केली. म्हणजे कारखाने कुठे घालायचे, खनिज कुठून आणायचं हे जेव्हा ठरलं तेव्हा डिचोली-सत्तरीचा माल हिशोबात धरायचा प्रश्नच नव्हता. इकडे खाणवाल्यांनी जपानशी बांधून घेतलेलं, तिथे युद्धानंतर सगळं परत उभं करायचं होतं आणि खनिज स्वतःकडे नाही, त्यांनी यंत्रंसुद्धा उधारीवर दिली आणि मालातून वळती करून घेतली. १९६१ ला आपण देशात आलो तोवर ही गाडी रुळावर धावत होती, ती कोण कशाला थांबवेल, आणि सरकारलाही परकीय चलन हवंच होतं.

दुसरं म्हणजे प्रत्येक कारखान्याला स्वतःची खाण दिलेली. भिलाईला दल्ली-राजहरा, राउरकेलाला बरसुआ, बोकारोला किरीबुरू आणि मेघाहातुबुरू. दल्लीहून गाडी सुटली की थोड्या तासांत माल भट्टीच्या दारात. एक टन लोखंडाला साधारण दीड-पावणेदोन टन खनिज लागतं, म्हणून शहाणा माणूस कारखाना खाणीकडे नेतो, खाण कारखान्याकडे आणत नाही. आपला माल भिलाईला न्यायचा तर घाट चढायचा, तोही मीटरगेजवरून, वाटेत कुठेतरी ब्रॉडगेजच्या वॅगनमध्ये परत भरायचा, आणि पोचेपर्यंत भाडंच मालापेक्षा जास्त. जहाजात भरून जपानला पाठवणं स्वस्त पडायचं हे ऐकायला विचित्र वाटतं पण तुम्ही बार्ज चालवलीय, पाण्यावर वजनाला काय लागतं हे तुम्हाला मी काय सांगू.

तिसरी गोष्ट थोडी कडू आहे. आपला माल उच्च प्रतीचा नाही हो. तिकडे मध्य भारतात, ओरिसात, ६२-६५ टक्के लोखंडाचे ढेकूळ निघतात, आपल्याकडे बराचसा माल ६० च्या खालचा, आणि त्यात भुगा जास्त, ज्याला आपण फाइन्स म्हणतो. भट्टीत वरून नुसता भुगा ओतला तर खालून मारलेली गरम हवा वर जायला जागाच राहत नाही, भट्टी गुदमरते. म्हणून भुगा आधी भाजून त्याचे गठ्ठे करावे लागतात, त्याला सिंटर म्हणतात. आपल्या सरकारी कारखान्यांचा पहिला आराखडा ढेकळांवर बेतलेला होता, सिंटर प्लांट हळूहळू वाढत गेले. जपान्यांनी मात्र भुगा खायची तयारी आधीच केलेली. आणि २००० नंतर चायनाला इतकी भूक लागली की आपण ज्याला टाकाऊ म्हणून डंप मारून ठेवलेलं तेही जहाजात चढलं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, २०१०-११ ला निर्यात ५ कोटी टनांच्या वर, २०१२ ला खाणी बंद, २०१४ ला सुप्रीम कोर्टाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ लीज रद्द. माझं मत विचाराल तर माल कुठे गेला यापेक्षा किती वेगाने गेला हे मला जास्त खुपतं. दल्ली-राजहराही संपत आलीय, पण ती भिलाईला साठ वर्षं पुरली. आपण शेवटच्या दहा वर्षांत जे केलं त्याला खाणकाम म्हणायचं की गोणी उलटी करणं, तुम्हीच ठरवा.

म्हापशाहून एक वाचक: जर्मन, रशियन, इंग्रज, तिघांनी तीन कारखाने बांधले असं ऐकलंय. खरं सांगा, कोणाचा सगळ्यात भारी?

हा प्रश्न भिलाईवाल्याला विचारताय म्हणजे आईला विचारताय की तुमचा मुलगा कसा. बरं, जमेल तितकं सरळ सांगतो. राउरकेला पश्चिम जर्मनीच्या क्रुप आणि डेमाग या कंपन्यांच्या मदतीने, भिलाई सोव्हिएत युनियनबरोबर (करार २ फेब्रुवारी १९५५), दुर्गापूर इंग्लंडच्या कंपन्यांच्या गटाकडून. तिघांची कामं वेगळी ठेवलेली, राउरकेला पत्रा आणि प्लेट, भिलाई रूळ आणि मोठे गर्डर, दुर्गापूर रेल्वेची चाकं-आस वगैरे.

तंत्रात राउरकेला पुढे होतं, हे मी भिलाईत बोललो असतो तर चहा बंद झाला असता! ऑस्ट्रियात नवीनच निघालेली एलडी पद्धत त्यांनी आणली, वितळलेल्या लोखंडावर वरून शुद्ध ऑक्सिजनचा झोत मारायचा, की पाऊण-एक तासात पोलाद तयार. आमच्याकडे आणि दुर्गापुरात ओपन हार्थ, म्हणजे जुन्या पद्धतीची उथळ भट्टी, त्यात एकेक घाणा काढायला सात-आठ तास. पण नवं तंत्र म्हणजे नवी डोकेदुखी, राउरकेलाला पहिली काही वर्षं फार जड गेली, आणि भिलाईचं तंत्र जुनं पण धोपट, बैलगाडीसारखं, बिघडलं तर कोणीही दुरुस्त करेल, त्यामुळे आम्ही लवकर जोरात धावलो.

आणि रशियन माणसं! मी १९७६ मध्ये डिप्लोमा करून ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा बरीचशी परत गेली होती, पण जी होती ती आमच्याबरोबर ओव्हरऑल घालून खाली उतरायची, वरून बोट दाखवणारी नव्हेत. आमच्या फोरमनला मोडकं रशियन यायचं, त्यांना मोडकं हिंदी, आणि मध्ये मी मराठी कोकणी घेऊन उभा. भिलाईत दोन देशांच्या दोस्तीची आठवण म्हणून प्राणिसंग्रहालय आणि बाग आहे, तिचं नावच मैत्री बाग. मी पहिल्यांदा भट्टीचं टॅपिंग पाहिलं तेव्हा रात्रपाळी होती, भोक फोडलं आणि पांढरा-केशरी रस वाळूच्या नाळेतून वाहायला लागला, सगळं शेड दिवसासारखं उजळलं, मी चाट पडून उभा, आणि मागून कोणीतरी ओरडलं, “ए गोवा, तोंड मिट!” नाव तेच पडलं मग, रिटायर होईपर्यंत मी गोवाच.

मडगावहून कॉलेजची एक विद्यार्थिनी: बोकारो आधी अमेरिका बांधणार होती हे खरं का? मग रशियाने कसं बांधलं?

खरं. तीन कारखाने तीन देशांचे झाले, चौथा अमेरिकेने बांधावा असं नेहरूंच्या सरकारला मनापासून वाटत होतं, म्हणजे तराजू सारखा राहील. युनायटेड स्टेट्स स्टील या तिथल्या बड्या कंपनीने येऊन पाहणी अहवालही केला. केनेडी अनुकूल होते, दिल्लीतले राजदूत गॅलब्रेथ तर जास्तच. पण १९६३ मध्ये परदेशी मदतीचा आढावा घेणाऱ्या क्ले समितीने सांगितलं की खाजगी धंद्याशी स्पर्धा करणाऱ्या सरकारी कारखान्यांना अमेरिकेने पैसा देऊ नये, आणि त्यांच्या काँग्रेसमध्येही, म्हणजे तिथल्या संसदेत, आरडाओरडा झाला, आमच्या करदात्याच्या पैशाने समाजवाद का पोसायचा म्हणून. त्याच वर्षी नेहरूंनी स्वतःच विनंती मागे घेतली, की केनेडींची अडचण नको. मला हे फार सभ्यपणाचं वाटतं आणि थोडं दुःखाचंही.

मग सोव्हिएत आले, जानेवारी १९६५ ला करार. मधल्यामध्ये एका माणसाची निराशा झाली, ती सहसा कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. एम. एन. दस्तूर या भारतीय सल्लागाराच्या कंपनीने बोकारोचा सविस्तर आराखडा आधीच करून ठेवला होता. रशियन आले ते आपला आराखडा घेऊनच, दस्तूरांनी त्यातला खर्च कमी करायच्या सूचना केल्या त्यातल्या थोड्याच मानल्या गेल्या. पैसा ज्याचा, नकाशा त्याचा. बांधकाम १९६८ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं, पहिली भट्टी २ ऑक्टोबर १९७२ ला पेटली आणि १७ लाख टनांचा पहिला टप्पा पूर्ण व्हायला १९७८ उजाडलं. तरी पण बोकारोला यंत्रसामग्रीचा मोठा हिस्सा आपल्या देशातलाच होता, त्यामुळे त्याला पहिला स्वदेशी कारखाना म्हणतात. जर्नल लिहिणार असशील तर भिलाई १९५५ आणि बोकारो १९६५ हे दोन करार शेजारी ठेव, दहा वर्षांत आपले लोक काय काय शिकले ते आपोआप दिसेल.

फोंड्याहून एक वाचक: आमचे बाबा सांगायचे की पूर्वी लोखंडाचा भाव इथे आणि थेट कारखान्याशेजारी सारखाच असायचा. हे कसं शक्य आहे? थापा ना?

थापा नव्हेत, बाबांना माझा नमस्कार सांगा. त्याला फ्रेट इक्वलायझेशन म्हणायचे. सगळ्या देशाचं रेल्वेभाडं एकत्र करून त्याची सरासरी किमतीतच धरायची, मग तुम्ही दुर्गापूरच्या फाटकासमोर राहा नाहीतर फोंड्यात, रेल्वेच्या मालधक्क्यावर भाव एकच. १९५० च्या दशकात सुरू झालं, पोलादाच्या किमतीवरचं आणि वाटपावरचं कंट्रोल जानेवारी १९९२ मध्ये उठलं तेव्हा तेही गेलं.

आपल्याला बरं होतं. मुंबई, पुणे, मद्रास, आपण सगळे पश्चिम-दक्षिणेचे लोक बसल्या जागी स्वस्त लोखंड घ्यायचो आणि वर्कशॉप काढायचो. मेले ते बिहार, बंगाल, ओरिसावाले. खाण त्यांची, कोळसा त्यांचा, धूर त्यांच्या नाकात, आणि कारखाने निघाले आपल्याकडे, कारण त्यांना जवळ असण्याचा फायदाच उरला नाही. भिलाईत माझा रूममेट धनबादचा होता, या विषयावर जेवताना दर आठवड्याला भांडण, आणि खरं सांगायचं तर दर वेळी बरोबर तोच असायचा.

फक्त भाव सारखा म्हणजे माल मिळाला असं नाही हं. अर्ज करा, परवाना काढा, नंबर लागेपर्यंत थांबा. आमच्या घराच्या स्लॅबसाठी वडील सळईच्या परमिटला किती चकरा मारत होते मला आठवतंय, शेवटी पाऊस तोंडावर आला तसं एका दुकानदाराकडून मागच्या दाराने जास्त भावाने घेतली, आणि घरी येऊन आईला सांगितलं की कंट्रोलच्या भावातच मिळाली. आईने हिशोबाची वही बघितली आणि काही बोलली नाही.

पेडण्याहून: टाटा स्टीलपण सेलमध्येच येते ना? आमच्यात पैज लागलीय.

पैज हरलात. टाटा खाजगी, १९०७ पासून खाजगी आणि आजही. सेलमध्ये केंद्र सरकारचा वाटा ६५ टक्के, बाकीचा बाजारात. आणि विशाखापट्टणमचा कारखाना सरकारीच आहे पण तोही सेल नव्हे, त्याची कंपनी वेगळी, राष्ट्रीय इस्पात निगम, १९८२ ची. पैज कितीची होती ते कळवलं नाहीत.

दाबोळीजवळ राहणाऱ्या एक बाई: आमच्या डोक्यावरून रोज नेव्हीची विमानं जातात. भाचा म्हणतो विक्रांत जहाजाचं पोलाद आपल्याच सरकारी कंपनीचं आहे. पोलाद तर पोलाद, त्यात विशेष ते काय?

भाचा बरोबर आहे, आणि तुमच्या डोक्यावरची ती मिग-२९के विमानं त्याच विमानवाहू जहाजाशी संबंधित, नौदलाच्या हंसा तळावर तर जहाजासारखी उतरती-चढती धावपट्टीही बांधलीय सरावाला.

विशेष असं की घराच्या गेटचं पोलाद आणि युद्धनौकेचं पोलाद यात उकडा तांदूळ आणि बासमतीइतका फरक. नौकेला थंड पाण्यात, धक्का बसला तरी तडा न जाणारं, आणि वेल्डिंग केल्यावर जोडाशी कमकुवत न होणारं पोलाद लागतं. पूर्वी हे बाहेरून, मुख्यतः रशियाकडून यायचं. ते मिळेनासं झालं तेव्हा हैद्राबादच्या डीएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेने आणि सेलने मिळून स्वतःचं केलं, त्याचं नाव डीएमआर-२४९ए. विक्रांतसाठी सुमारे ३०,००० टन गेलं, बोकारो, भिलाई, राउरकेला तिन्हीकडून. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत जहाज नौदलात दाखल झालं तेव्हा आमचा जुन्या लोकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप दोन दिवस बंदच होईना, जो तो म्हणतो प्लेट माझ्या मिलची. मी रेल मिलचा, मी गप्प.

काणकोणहून: गोव्याला सगळ्यात जवळचा सेलचा कारखाना कुठला? मुलाला अप्रेंटिससाठी विचारतोय.

जवळचा म्हणजे घाटापलीकडे शिमोग्याजवळचं भद्रावती. म्हैसूर संस्थानाने १९२३ मध्ये सुरू केलेला, विश्वेश्वरय्यांच्या देखरेखीत वाढलेला, आणि सुरवातीला दगडी कोळशावर नव्हे तर पश्चिम घाटातल्या लाकडाच्या कोळशावर लोखंड काढणारा. १९८९ ला सेलकडे आला, १९९८ ला विलीन झाला. पण त्याची तब्येत बरी नाही, २०२३ च्या सुरवातीला तो बंद करायचं जाहीर झालं होतं, तिथल्या लोकांनी मोठं आंदोलन केलं. म्हणून मुलाला तिकडे पाठवायच्या आधी नीट चौकशी करा. मराठी मुलुखात हवं असेल तर चंद्रपूरला फेरो अलॉयचा प्लांट आहे, आधी महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट, २०११ ला सेलमध्ये विलीन झाला, पोलादात घालायचं मँगनीजचं मिश्रण तिथे होतं. तरी माझ्या मते मुलगा हाताने हुशार असेल तर भिलाई. लांब आहे पण राहायला छान, आणि गणपती तिथे आपल्यासारखेच बसतात, कारण दुर्ग-भिलाईत मराठी माणसं भरपूर. आम्ही चवथीला गोव्यात यायचो तेव्हा कल्याण, पुणे, मिरज आणि पुढे मीटरगेज, दोन दिवस जायचे, आता त्याला तेवढा त्रास नाही.

थिवीहून एक आजोबा: नातवाला घेऊन रोज संध्याकाळी स्टेशनवर गाड्या बघायला जातो. रुळाच्या बाजूला उठावदार अक्षरं-आकडे दिसतात, नातू विचारतो आजोबा काय लिहिलंय, मला येत नाही.

आजोबा, सगळ्या पत्रांत हे मला आवडलं, कारण इथे मी तज्ज्ञ! ती अक्षरं कोरलेली नसतात, रूळ लाल तापलेला असताना ज्या रोलमधून जातो त्या रोलवरच खाचा असतात, त्यातून उमटतात. कारखान्याचं नाव, मीटरला वजन किती किलो, पोलादाची प्रत, आणि कुठल्या महिन्यात कुठल्या वर्षी रोल केला. आपल्याकडचे रूळ पूर्वी ५२ किलोचे असायचे, आता ६०. कितीतरी वर्षं देशाचे बहुतेक रूळ एकट्या भिलाईचे, त्यामुळे तुम्हाला सेल दिसायची शक्यता पुष्कळ. मी लागलो तेव्हा १३ मीटरचे तुकडे निघायचे, म्हणून गाडी खडक-खडक वाजायची, आता १३० मीटरचा एकसंध रूळ निघतो आणि असे दोन जोडून २६० चा करून पाठवतात, म्हणून नातवाला तो आवाज आता फारसा ऐकू येणार नाही.

कोकण रेल्वे सुरू झाली १९९८ ला, पण रूळ झिजले की बदलतात, तेव्हा सगळीकडे एकच वर्ष मिळेल असं नाही. प्लॅटफॉर्मवरूनच बघा, खाली उतरू नका. आणि २००५ च्या आधीचं वर्ष कुठे सापडलं तर महिना लिहून घ्या आणि मला कळवा, त्या महिन्यात माझी पाळी कुठली होती ते मी जुन्या डायरीत बघून सांगतो.